‘हिमकण’ : एका प्रतिशब्दाचा विचार

एखादी वस्तू ज्या प्रदेशात सहसा दृष्टीस पडत नाही, तेथील भाषेत तिचे नाव कोणता अर्थ धारण करते, हा शब्दार्थविचारातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. इंग्रजी ‘स्नोफ्लेक’ या शब्दासाठी मराठीत ‘हिमकण’ हा प्रतिशब्द रूढ आहे. तो पुरेसा आहे असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु प्रत्यक्ष अनुवाद करताना त्याच्या मर्यादा प्रत्ययास येतात.

या प्रश्नाच्या विचारास बंगळूर हे शहर सोयीचे आहे. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात हिवाळ्यात धुके पडते, वळवाच्या पावसात क्वचित गाराही पडतात. हिम मात्र पडत नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू व दख्खनी येथे शेजारी नांदतात. १६३८ साली विजापूरकरांनी हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठीही येथे परकी राहिलेली नाही. कन्नडमध्ये ‘मंजु’ म्हणजे धुके, आणि हिमही ‘मंजु’च. तेलुगूतील ‘मंचु’ आणि तमिळमधील ‘पनि’ हे शब्द तर दव, धुके व हिम या तिन्हींना पुरतात. मल्याळममध्येही हीच स्थिती आहे. एम. टी. वासुदेवन् नायर यांची १९६४ मधील ‘मञ्ञु’ ही कादंबरी नैनिताल येथे घडते. इंग्रजीत तिचे नाव ‘मिस्ट’, म्हणजे धुके, असे झाले. मूळ शब्दात एकत्र असलेल्या अर्थांपैकी एकच अनुवादास स्वीकारता आला.

मराठीची वाट निराळी आहे. तिने शब्द घेतले, पण त्यांचे अर्थ येथील अनुभवाप्रमाणे बदलले. संस्कृतात ‘तुषार’ म्हणजे थंडी, दहिवर, हिम. म्हणूनच हिमालयास ‘तुषाराद्रि’ म्हणतात. मराठीत मात्र तुषार कारंज्याचे वा धबधब्याचे असतात, आणि शेतकरी ‘तुषार सिंचन’ करतो. ‘बर्फ’ या शब्दाचेही तसेच झाले. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठलेल्या पाण्यास तेथे ‘यख’ हा वेगळा शब्द आहे. मुंबईस १८३० च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने येऊ लागला तो बर्फ गोठलेल्या पाण्याचा होता. मराठी माणसाच्या मनात बर्फ म्हटले की आजही लादी उभी राहते. ‘हिम’ हा शब्द मूळ अर्थ राखून राहिला खरा, पण तो ग्रंथातच.

आता ‘कण’ पाहू. वाळूचा, धुळीचा, अन्नाचा असतो तो कण; त्यात बारीकपणा आहे, पण पातळपणा, हलकेपणा, तरंगत उतरणे नाही. इंग्रजी ‘फ्लेक’ पापुद्र्याच्या जातीचा शब्द आहे. शिवाय आकाशातून उतरणारा ‘फ्लेक’ हा पुष्कळदा एकच स्फटिक नसून एकमेकांत अडकलेल्या अनेक स्फटिकांचा पुंजका असतो. अमेरिकेतील व्हर्माँट येथील विल्सन बेंटली यांनी १८८५ पासून पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली, ती अशा सुट्या स्फटिकांची. कोणतेही दोन सारखे नसतात, ही समजूत त्यांच्यामुळे लोकप्रिय झाली. भाषेने मात्र ती ‘स्नोफ्लेक’लाच चिकटवली.

या समजुतीवरच त्या शब्दाचा लाक्षणिक उपयोग आधारलेला आहे. १८६० च्या दशकात मिझुरी राज्यात गुलामगिरीच्या निर्मूलनास विरोध करणाऱ्यांना हे नाव होते. तेथे सूचन केवळ शुभ्र रंगाचे, म्हणजे गोऱ्या वर्णाचे होते. अलीकडचा अर्थ वेगळा आहे. स्वतःस अद्वितीय मानणारा आणि किंचित धक्क्याने विरघळणारा, असा उपहास त्यात आहे. ‘स्नोफ्लेक पिढी’ या प्रयोगाची नोंद कॉलिन्स कोशाने २०१६ च्या उल्लेखनीय शब्दांत केली. येथे ‘हिमकण’ योजल्यास उपहास नाहीसा होतो. मराठीत हिमाशी जोडलेल्या कल्पना उत्तुंगतेच्या व अढळपणाच्या आहेत. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीस सह्याद्री धावला असे म्हटले गेले, ते याच संस्कारातून. नाजूकपणासाठी मराठीजवळ ‘तळहातावरचा फोड’ आणि ‘लाजाळूचे झाड’ आहे, क्षणभंगुरतेसाठी ‘अळवावरचे पाणी’ आहे.

तात्पर्य, ‘स्नोफ्लेक’ला मराठीत एकच प्रतिशब्द असू शकत नाही. शास्त्रीय लेखनात सुट्या रूपास ‘हिमस्फटिक’ व उतरणाऱ्या रूपास ‘हिमपुंज’ म्हणावे. काव्यात ‘हिमपाकळी’ शोभेल. उपहासात हिमाचा मोह सोडून ‘तळहातावरचा फोड’च घ्यावा. त्यात जपणाऱ्यालाही दोष लागतो, हा जास्तीचा अर्थ आहे. इंग्रजी शब्दात तो इतका स्पष्ट नाही. प्रत्येक अनुवादात अशी थोडी हानी होते आणि थोडी भरही पडते. कोशातील पहिला शब्द उचलणाऱ्यास यांपैकी एकीचाही पत्ता लागत नाही.