दहा डॉलरमागे २१.७२ वाचले, पण कुणावरचे?

‘बेघरांना आधी घर द्या, सरकारचे पैसे वाचतात’ हे तुम्ही ऐकलं असेल. कॅनडाने २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांवर बेघरांवर हे तपासलं. लगेच घर कुणाला, नेहमीच्याच सेवा कुणाला, हे यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं) ठरवलं. गाजलेला आकडा: १० डॉलर खर्चामागे २१.७२ वाचले. पण तो आधीच सर्वांत महाग पडणाऱ्या १० टक्के लोकांचा! जास्त गरजेच्या गटात ९.६०, मध्यम गरजेच्या गटात जेमतेम ३.४२. म्हणजे बहुतेकांवर सरकारचा खर्च वाढलाच. मग योजना फसली का? अजिबात नाही, आपण तपासतोय तेच चुकीचं. शेवटच्या सहा महिन्यांत सलग घरात राहिलेले: घर दिलेल्या गटात ६२ टक्के, दुसऱ्या गटात ३१.