पाऱ्याच्या पोटात काय दडलंय?

अंडं कच्चं की उकडलेलं, हे न फोडता कसं ओळखाल? टेबलावर गरकन फिरवा. उकडलेलं छान गरगरतं. कच्चं डगमगत थांबतं. बाहेरच्या वागण्यावरून आतली गोष्ट कळते. दोस्तांनो, शास्त्रज्ञ अणूच्या बाबतीत अशीच युक्ती वापरतात.

अणूच्या मध्यभागी अणुगर्भ असतो. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. पाऱ्याच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन ८०च. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त. ही पाऱ्याची भावंडं म्हणजेच समस्थानिके. न्यूट्रॉन फार कमी असले, की ती किरणोत्सारी होतात. पारा-१८५, म्हणजे दोन्ही कण मिळून १८५. त्याचे निम्मे अणू मिनिटभरातच दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात!

इतक्या घाईच्या पाहुण्याचं माप घ्यायचं कसं? अणुगर्भाचा आकार बदलला, की भोवतीच्या इलेक्ट्रॉनांना ते जाणवतं. मग अणू जो प्रकाश शोषतो, त्याचा रंग किंचित बदलतो. हा फरक डोळ्यांना कळत नाही, लेसरला कळतो.

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत 'आयसोल्डे' नावाचं केंद्र आहे. तिथे वितळलेल्या शिशावर वेगवान प्रोटॉनांचा मारा करून हे अणू बनवतात. मग रेडिओची सुई फिरवून स्टेशन शोधावं, तसा लेसरचा रंग हळूहळू बदलत जायचं. रंग नेमका जुळला, की लेसरच्या माऱ्याने अणूतला एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. असे अणू मोजले, की स्टेशन सापडलं!

याच केंद्रात १९७२ मध्ये मोठी गंमत झाली. तेव्हा लेसर नव्हे, दिव्याचा प्रकाश वापरला होता. न्यूट्रॉन कमी होतील तसे अणुगर्भ थोडे थोडे लहान होत होते. पारा-१८५ मात्र एकदम फुगलेला निघाला! पुढे कळलं, की १८६, १८४, १८२ हे जवळजवळ लाडवासारखे गोल. १८५, १८३, १८१ हे रग्बीच्या चेंडूसारखे लांबट.

ही उलटापालट कुठे थांबते? २०१८ मध्ये लेसरने उत्तर दिलं. शास्त्रज्ञ पारा-१७७ पर्यंत पोहोचले. १७९ पासून खाली सगळे पुन्हा गोलसर! जपानच्या 'के' महासंगणकाने कारणही शोधलं. लांबट अणुगर्भात काही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन नेहमीची जागा सोडून वरच्या जागी जातात.

१८५ माणसांच्या वाड्यात एक पाहुणा आला, आणि अख्ख्या वाड्याचा आकारच बदलला. आहे की नाही नवल?