विष ओळखणारी पट्टी



पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा आपल्या आदिलाबादकरांना परका नाही. तिकडे कपाशी, इकडेही कपाशी. २०१७ साली त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. त्यांनी औषध प्यायले नव्हते; ते अंगावर उडाले आणि श्वासावाटे आत गेले.

हे विष शरीरात करते तरी काय? मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्नायूला हुकूम पोहोचवते. काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, ते द्रव्य लगेच मोडून टाकते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे या विकरालाच जखडून ठेवतात. मग हुकूम थांबतच नाही. घाम व लाळ सुटते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास कोंडतो.

विषाची हीच खोड शास्त्रज्ञांनी त्याला पकडण्यासाठी वापरली आहे. मधुमेही माणसे घरी रक्तातील साखर तपासतात, त्या पट्टीवरही विकरच असते. तसेच कोलिनेस्टरेज पट्टीवर किंवा नळीत ठेवायचे आणि त्यात विहिरीचे पाणी किंवा भाजी धुतलेले पाणी घालायचे. विकराचे काम नीट चालले तर पाणी त्या विषापासून मोकळे. काम मंदावले तर विष आहे असे समजावे.

काम मंदावले हे दिसावे कसे? येथे अतिसूक्ष्म कण उपयोगी पडतात. १ नॅनोमीटर म्हणजे १ मीटरचा १०० कोटीवा भाग. सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात लाल दिसतात आणि एकमेकांना चिकटले की निळे होतात. एका पद्धतीत विकराच्या कामातून निघणारे द्रव्य या कणांना एकत्र आणते. म्हणून निळा रंग आला तर विकर जिवंत. लालच राहिला तर विषाची शंका. दुसऱ्या पद्धतीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर विकर बसवून विजेचा प्रवाह मोजतात.

मात्र एक गोष्ट विसरू नये. सायपरमेथ्रिनसारखी औषधे या विकराला धरत नाहीत, म्हणून ही पट्टी त्यांना ओळखणार नाही. पट्टी निर्दोष निघाली म्हणजे सर्व काही निर्दोष, असे नव्हे.

आणि अंगावर उडणारे विष कोणतीही पट्टी थांबवू शकत नाही. तेवढ्यासाठी साधे नियम पाळा:

१. डब्यावरील त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा.

२. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका.

३. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व तोंडावर मास्क वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नका. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत विशेष जपा.

४. काम संपल्यावर साबणाने आंघोळ करा. कपडे वेगळे धुवा.

कोणाला त्रास झालाच, तर भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा बरोबर न्या. ॲट्रोपीन हे त्यावरचे औषध दवाखान्यातच मिळते. रक्तातील कोलिनेस्टरेजही तेथे तपासता येते. “थोडे पडून राहतो, बरे वाटेल,” असे म्हणत घरी थांबू नका. कपाशी पुढच्या वर्षीही पेरता येते, घरचा माणूस परत मिळत नाही.