घरचा व शाळेचा संगणक : कोणती प्रणाली किती सुरक्षित?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ येथे भोरचा रस्ता फुटतो व दुसऱ्या अंगास नारायणपूर-सासवडकडील रस्ता येऊन मिळतो. अशा फाट्याच्या गावी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे जशी एकत्र येतात, तसे त्यांच्या खिशांतील पेनड्राइव्हही एकत्र येतात. कोणास प्रश्नपत्रिका छापून हवी असते, कोणास शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, कोणास लग्नपत्रिका. झेरॉक्सच्या दुकानातील एकाच संगणकास दिवसभरात असे कितीतरी पेनड्राइव्ह लागतात व निघतात. आणि दुसऱ्या दिवशी त्यांपैकीच एखादा शाळेच्या संगणकास लावला जातो. प्रश्नपत्रिकेबरोबर आणखी काय आले, हे डोळ्यांस दिसत नाही.

संगणकाचा व्हायरस हा हवेतून येणारा रोग नव्हे. तो कोणीतरी हेतुपुरस्सर लिहिलेला प्रोग्राम असतो. कोणी फाईली लपवितो, कोणी पासवर्ड चोरतो, तर कोणी सर्व फाईलींस कुलूप घालून खंडणी मागतो. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांच्या बँकखात्यांचे तपशील व वर्षानुवर्षांची निकालपत्रके असतात. द्विशिक्षकी शाळेत ही सर्व माहिती बहुधा एकाच यंत्रात असते. ती गेली तर पुन्हा गोळा करण्यास घरोघर हिंडावे लागते, आणि ती चोरीस गेली तर परत आणण्याचा उपायच नाही.

म्हणून नवा संगणक घेताना किंवा जुना दुरुस्त करविताना शिक्षकांकडून हमखास प्रश्न येतो, की विंडोज बरी, मॅक बरा, की लिनक्स? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नुसत्या नावात सापडत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. घरगुती संगणकांत पसरलेला आरंभीचा एक व्हायरस सन १९८२ मध्ये अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने ॲपल कंपनीच्या संगणकासाठी लिहिला. मॅकवाले आपल्या यंत्रास रोगमुक्त मानतात, त्यांनी हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. सन १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांचा ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर गेला. त्यानंतर सन १९९० मध्ये भारतात जो व्हायरस आढळला त्याचे नाव मराठी कानांस अगदी घरचे, ‘जोशी’! दरवर्षी ५ जानेवारीस हा संगणकाचे काम थांबवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित करावयास लावी. शुभेच्छा दिल्या की काम पुन्हा सुरू. हे सारे विनोदी वाटते. परंतु त्याची पसरण्याची रीत विनोदी नव्हती. फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात तो दडून बसे व संगणक सुरू होतानाच आत शिरे. पुढे फ्लॉपी गेली आणि पेनड्राइव्ह आला, पण हातोहात फिरण्याची वाट तीच राहिली. पुण्यात कैलास व संजय काटकर ह्या बंधूंचा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरस आढळू लागले, त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ हा व्हायरसरोधक प्रोग्राम जन्मास आला.

आता प्रणालींकडे वळू. निरनिराळ्या प्रणालींतील खरा भेद समजण्यास भोर-वेल्हे भागातील शिक्षकांस राजगडाचे उदाहरण पुरेसे आहे. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आहेत. आणि मध्यभागी उंच बालेकिल्ला असून त्यास स्वतःचा वेगळा दरवाजा आहे. शत्रू माचीवर आला म्हणजे बालेकिल्ला पडला असे होत नाही. संगणकातही अशीच रचना असावी लागते. रोजचे लिहिणेवाचणे माचीवर चालावे. यंत्राचा मूळ कारभार बालेकिल्ल्यात राहावा. आणि त्याचा दरवाजा पासवर्ड विचारल्यावाचून उघडू नये.

सन २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत ही सोय होती. परंतु घरोघरी ती वापरली जात नसे. संगणक सुरू करणारा प्रत्येक जण थेट बालेकिल्ल्याचा किल्लेदार असे. मग त्याच्या हातून उघडलेला व्हायरसही किल्लेदार होई. विंडोज व्हिस्टापासून परवानगी विचारण्याची पद्धत आली आणि विंडोज ८ पासून व्हायरसरोधक प्रोग्राम प्रणालीबरोबरच मिळू लागला. आजची विंडोज ११ ही रचनेने दुबळी आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही अपायकारी प्रोग्राम सर्वांत अधिक विंडोजसाठीच लिहिले जातात, कारण जगातील बहुतेक घरगुती संगणक त्याच प्रणालीवर चालतात. जेथे बाजार मोठा, तेथे खिसेकापू अधिक.

विंडोजचे खरे दुखणे जुनेपणाचे आहे. दि. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामाने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक धरले. कोणी काही उघडण्याचीही गरज नव्हती; जाळ्यातील एका यंत्रातून तो आपोआप दुसऱ्यात जाई. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधी, दि. १४ मार्च रोजी दिलेली होती. बहुतेक बळी विंडोज ७ चे होते. प्रणाली तीच, परंतु दुरुस्ती घेतलेले वाचले व न घेतलेले सापडले. पुढच्याच महिन्यात अशाच दुसऱ्या एका प्रोग्रामामुळे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज कोलमडले.

आज विंडोज एक्सपी व ७ यांस दुरुस्त्या मिळणे केव्हाच बंद झाले आहे. विंडोज १० ची नियमित मुदतही दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ठरावीक काळाची वाढीव सोय मागून घेतली नसेल, तर तिचे नवे भगदाड आता कोणी बुजविणार नाही. शाळांस देणगीदाखल मिळालेले अनेक संगणक नेमके ह्या वयाचे असतात, आणि विंडोज ११ त्यांवर चढत नाही.

त्याहून वाईट म्हणजे दुकानदाराने ‘फुकट’ भरून दिलेली विंडोज. तिचे परवान्याचे कुलूप तोडण्यासाठी एक छोटा प्रोग्राम चालवितात व त्यापूर्वी व्हायरसरोधक बंद करावयास सांगतात. रखवालदारास बाहेर घालवून मग अनोळखी माणसास घरात घ्यावे, असा हा व्यवहार आहे. अशा यंत्राच्या सुरक्षिततेविषयी काहीही बोलणे व्यर्थ होय.

मॅकची रचना भक्कम आहे. अनोळखी प्रोग्राम उघडताना तो अडवितो, आणि प्रणालीचा गाभा सहसा बदलू देत नाही. तथापि सन २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ ह्या प्रोग्रामाने सुमारे सहा लाख मॅक गाठले. जावा नामक घटकातील दोषाची दुरुस्ती फेब्रुवारीत निघाली होती. मॅकवर ती एप्रिलमध्ये पोचली. मधल्या काळात नुकसान झाले. मॅकची किंमत पाहता ग्रामीण शाळेत ह्याचा अधिक विचार करण्याचे कारण नाही. क्रोमबुक हे त्यामानाने स्वस्त व अतिशय सुरक्षित यंत्र होय. दर वेळी सुरू होताना ते आपली प्रणाली अबाधित आहे की नाही हे स्वतः तपासते. मात्र त्याचे पुष्कळसे काम इंटरनेटवर अवलंबून असते, आणि डोंगराआडच्या शाळांस ते किती उपयोगी पडेल, हे उघड आहे.

लिनक्सची गोष्ट निराळी आहे. तीत माची व बालेकिल्ला यांचा भेद आरंभापासून पाळला जातो, व प्रोग्राम वाटेल तेथून न आणता प्रणालीच्या स्वतःच्या कोठारातून घेण्याची रीत आहे. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तेथे सामान्यतः चालतच नाही. ती विनामूल्य मिळते व बऱ्याच जुन्या यंत्रांवरही चालते. केरळच्या शाळांत ती अनेक वर्षे वापरात आहे. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स सन २००७ मध्ये दिली. पण येथेही डोळे मिटून चालणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळावर चोरांनी खऱ्या प्रतीच्या जागी दूषित प्रतीचा दुवा ठेवला होता. शिवाय लिनक्सवाला पेनड्राइव्ह स्वतः आजारी न पडता रोग वाहून नेणाऱ्या माणसासारखा असू शकतो. तो पुढे विंडोजला लावला, की आतील व्हायरस जागा होतो. आणि बनावट पानावर स्वतःच्या हाताने पासवर्ड लिहून देणाऱ्यास कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

मोबाइलविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. कारण शिक्षकाचे बँकखाते तेथेच असते. अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ॲप वेगळ्या खोलीत ठेवलेले असते व बाहेरून आणलेले ॲप घेण्यापूर्वी फोन परवानगी विचारतो. भामटे हे जाणून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून एपीके फाईल पाठवितात. ती स्वीकारून संदेश वाचण्याची मुभा दिली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती कधीही एपीके नसते. असा प्रकार घडल्यास फोनचे इंटरनेट बंद करून, दुसऱ्या फोनवरून ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर व बँकेस कळवावे.

शाळेपुरते पाहता, नव्या यंत्रावर परवान्याची विंडोज ११ असेल तर ती बदलण्याचे कारण नाही. तीत रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते उघडावे, मुख्य खात्याचा पासवर्ड मुलांस देऊ नये, व अपडेट पुढे ढकलू नये. मुलांच्या नोंदींची प्रत दर आठवड्यास एका स्वतंत्र पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा. तो यंत्रास तसाच लावून ठेवला, तर खंडणीखोर प्रोग्राम त्याचीही कुलूपबंदी करतो. झेरॉक्सच्या दुकानात नेण्याचा पेनड्राइव्ह निराळा असावा.

जुन्या यंत्रावर लिनक्स घालण्यापूर्वी मात्र घाई नको. जुन्या मराठी फाँटमधील फाईली तेथे नीट दिसत नाहीत, त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. आणि डिजिटल स्वाक्षरीची काही कामे विंडोजवाचून अडतात. अनेक लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. तेवढ्यापुरते यंत्रातील काहीही पुसले जात नाही. शाळेचा प्रिंटर चालतो का, मराठी टंकलेखन होते का, शासकीय संकेतस्थळे उघडतात का, एवढे उन्हाळी सुटीत दोन दिवस बसून पाहावे, सर्व नोंदींची प्रत बाजूस काढावी, आणि मगच जुनी प्रणाली पुसावी.