सर्पगंधा आणि मेंदूचे रक्तदाबनियमन

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, ही गोष्ट मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील निबंधाद्वारे जगापुढे मांडली. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. ते नेमके कोठे कार्य करते, हा प्रश्न मात्र उरला. औषधाने रोगी शांत व सुस्त होत असे. यास्तव मेंदू निवल्यामुळेच दाब उतरत असावा, हा तर्क साहजिक होता.

रोहिण्यांच्या भित्तिकांतून येणारी दाबाची वार्ता लंबमज्जेतील केंद्रांस पोचते आणि तेथून अनुकंपी तंत्रिकांच्या द्वारे हृदयास व रोहिण्यांस आदेश जातात. रेसर्पीनमुळे या तंत्रिकांच्या अग्रांतील नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा साठा रिता होतो, असे पुढील प्रयोगांत आढळले. आदेश निघतो, परंतु तो पोचविणारे द्रव्यच उरत नाही. मेंदूतील असेच साठे घटल्याने सुस्ती येते. काही रोग्यांत विषण्णताही नोंदली गेली.

तात्पर्य, मनाची शांतता हे दाब उतरण्याचे कारण नव्हे. दोन्ही एकाच रासायनिक क्रियेची दोन स्थळी दिसणारी फळे होत. सहचारी लक्षणांस कार्यकारण मानण्यापूर्वी संशोधकाने हे उदाहरण अवश्य स्मरावे.