शस्त्रक्रियेआधी बाळाला दूध द्यायचं का?

समजा, बाळाच्या हृदयाचा डावा भाग जन्मतःच अपुरा वाढलाय. शरीराला रक्त पोचतं ते डक्टस नावाच्या वाहिनीतून. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लॅन्डिन चालू असतं. पण त्याच वाहिनीतून बरंचसं रक्त फुफ्फुसांकडे वळतं आणि आतड्यांना कमी पडतं. अशात दूध दिलं तर आतड्याला गंभीर इजा होईल, ही डॉक्टरांची भीती. उपाशी ठेवावं, तर शिरेतून पोषण द्यावं लागतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून काही रुग्णालयांत आईचं दूध थोडं थोडं देतात, काही ठिकाणी थांबतात.

आता तुम्ही जुन्या नोंदी तपासल्या. दूध मिळालेल्या बाळांना त्रास कमी झालेला दिसला. लगेच ‘दूध सुरक्षित’ असं लिहाल? थांबा. दूध दिलं कोणाला? बहुधा ज्यांची तब्येत आधीच स्थिर होती त्यांना! मग फरक दुधामुळे पडला की तब्येतीमुळे? याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात.

म्हणून आधी बघा, दूध सुरू करायचं कोणी आणि कशावरून ठरवलं. ‘काढून ठेवलेलं दूध बाळाला कधी देणार?’ असं विचारणाऱ्या आईला खरं उत्तर द्यायचं, तर ही पायरी गाळून चालणार नाही.