उसनी वाहिनी किती टिकते? (लेखांक सहावा)

बायपास शस्त्रक्रियेत हृदयाची अरुंद झालेली धमनी साफ केली जात नाही, तर शरीरातच दुसरीकडून घेतलेली वाहिनी जोडून अडथळ्यापलीकडे रक्त पोहोचवले जाते, हे मागील लेखांकात पाहिले. या उसन्या वाहिनीला ग्राफ्ट म्हणतात. बायपास ‘डबल’ झाली की ‘ट्रिपल’, हे रुग्णाच्या घरातील प्रत्येकजण सांगू शकतो. ग्राफ्ट कशाचे लावले हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते, आणि पुढील दहा-वीस वर्षांच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रश्न तोच आहे.

अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायातील शीर वापरून ही शस्त्रक्रिया रूढ केली. घोट्यापासून जांघेपर्यंत त्वचेखालून जाणारी ही शीर लांब असते, सहज हाती लागते, आणि ती काढली तरी खोलवरच्या शिरा पायाचे काम सांभाळून घेतात. तिच्यातील झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देत असल्याने ती उलटी फिरवून जोडावी लागते. खरी अडचण दाबाची आहे. आडव्या पडलेल्या माणसाच्या पायातील शिरेत पाऱ्याच्या सुमारे १० मिलिमीटर इतकाच दाब असतो; महाधमनीला जोडल्या क्षणापासून तिला १२० पर्यंत चढणारा दाब मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा सोसावा लागतो. पहिल्या महिन्यात धोका असतो तो रक्ताच्या गुठळीचा. त्यानंतर वर्षभर शिरेचे आतले अस्तर नव्या पेशींनी जाड होत जाते, आणि या जाड अस्तरातच पुढे चरबीचे थर साचतात, म्हणजे मूळ धमनीला जडलेला रोग बदली आलेल्या वाहिनीलाही गाठतो. शंभरांतील दहा ते पंधरा शिरा वर्षभरातच बंद पडतात आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या बंद किंवा फार अरुंद झालेल्या आढळतात.

याउलट छातीच्या हाडामागील डाव्या बाजूची मॅमरी धमनी हृदयाच्या पुढील मुख्य धमनीला जोडली, तर दहा वर्षांनी शंभरांतील नव्वदांच्या आसपास खुल्या असतात. ही धमनी मुळापासून तोडली जात नाही, केवळ तिचे खालचे टोक हृदयाकडे वळवले जाते. तिच्या भिंतीतील लवचीक पडदा जवळजवळ अखंड असतो, आणि तिचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड मुबलक तयार करून वाहिनी सैल ठेवते व गुठळीला अटकाव करते. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी १९६४ सालीच अशी जोडणी केली होती, पण तिच्यामुळे रुग्णांचे आयुष्यही वाढते हे क्लीव्हलँडच्या १९८६ मधील अभ्यासाने ठसले.

मनगटातील रेडियल धमनीचा इतिहास शिकवण देणारा आहे. पॅरिसमध्ये आलँ कार्पेंतिए यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ती वापरली, परंतु ती आकसून बंद पडू लागल्याने हा मार्ग सोडून दिला गेला. दीड-दोन दशकांनंतर अँजिओग्राफीत काही जुनी ग्राफ्ट अजून उघडी असल्याचे दिसले, आणि हलक्या हाताने काढण्याची पद्धत व आकुंचन रोखणारी औषधे यांच्या जोरावर ती परत आली. मात्र मूळ धमनीतील अडथळा पुरेसा मोठा नसेल, तर तिच्यातूनच रक्त जात राहते आणि जोडलेली रेडियल धमनी पुरेशा प्रवाहाअभावी आकसून जाते.

शीर लावायची असली तरी हाताळणीने फरक पडतो. काढलेली शीर आकसलेली असते, म्हणून तिच्यात सिरिंजने द्रव भरून ती फुगवली जाते. हा दट्ट्या थोडा जोराने दाबला गेला, की आतले एका पेशीच्या जाडीचे अस्तर सोलवटते, आणि बाहेरून ती नळी निर्दोषच दिसते. स्वीडनमधील ओरेब्रू येथे डोमिंगोस सूझा यांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढण्याची पद्धत विकसित केली, आणि तेथील दीर्घकालीन पाहणीत अशा शिरा अधिक टिकल्या.

शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे आणि तंबाखूपासून पूर्ण फारकत यांनी ग्राफ्टचे आयुष्य वाढते. डिस्चार्ज कार्डावर ‘लिमा टू एलएडी’ असे लिहिलेले असले, तर डावी मॅमरी धमनी पुढील मुख्य धमनीला जोडली असा त्याचा अर्थ. ‘एसव्हीजी’ ही अक्षरे पायाची शीर दाखवतात. हे कार्ड जपून ठेवावे, कारण दहा-बारा वर्षांनी छातीत पुन्हा दुखू लागले, तर अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना नळी कोणकोणत्या वाहिन्यांपर्यंत न्यायची हे त्यावरूनच कळते.